सुधारणेस वाव आहे

माझी लेक सहावीत आहे. सकाळी पाण्याची बाटली काठोकाठ भरून नेते आणि संध्याकाळी जवळपास तशीच परत आणते. पाण्याचं एवढं जतन जलसंधारण खात्यालाही जमलेलं नाही.

कारण विचारलं. म्हणाली, "पाणी प्यायलं की जावं लागतं. तिथल्या दाराला कडी नाहीये."

गेल्या शनिवारी पालकसभा होती. निघताना तिने बजावलं, "बाबा, बाईंना कडीचं सांग. विसरू नकोस."

सांगतो म्हटलं. एका वाक्याचं तर काम.

वर्गात मुलं ५८. सभेची वेळ ९ ते १२. म्हणजे १८० मिनिटांत ५८ पालक. माणशी तीन मिनिटं आणि वर थोडी चिल्लर. एवढ्यात गॅसवरचा चहासुद्धा उतू जात नाही. आपण मात्र तेवढ्यात मूल समजून घ्यायचं, सही करायची आणि जागा रिकामी करायची.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा म्हणतो. त्या हिशेबाने पाच मिनिटं मिळायला हवी होती. आमची उरलेली दोन मिनिटं कोणी खाल्ली, हे विचारायची खिडकी कुठे आहे ते सूचनाफलकावर नव्हतं.

बसायला मुलांचेच बाक. गुडघे हनुवटीला टेकतात. चाळिशीतला माणूस त्या बाकावर बसला की त्याचा आवाज आपोआप बारीक होतो. बँकेत साहेबाशी भांडणारे, सोसायटीच्या सभेत माइक न सोडणारे, सगळे तिथे हाताची घडी घालून बसले होते. तोंडावर बोट तेवढं राहिलं होतं.

माझा नंबर आला. बाई म्हणाल्या, "हुशार आहे हो पोर. पण दुपारनंतर सुस्तावते. डोकं दुखतं म्हणते. लक्ष नसतं."

"हो का? झोपेचं बघतो," मी म्हणालो.

बाईंनी प्रगतिपुस्तक पुढे सरकवलं. शेरा होता : सुधारणेस वाव आहे. मी सही केली. मागच्या पालकाने घसा खाकरला. मी उठलो.

जिना उतरताना कडी आठवली. मागे वळून पाहिलं. रांगेत १९ जण होते. खालीच उतरलो.

सुधारणेस वाव आहे! या तीन शब्दांवर महाराष्ट्राच्या किती पिढ्या वरच्या वर्गात गेल्या असतील? गणित अजिबात येत नाही? वाव आहे. बाकावर पाच मिनिटं बसत नाही? 'खेळकर वृत्ती.' वर्षभरात आवाज ऐकलेला नाही? 'मितभाषी.' शेजारच्याला बदडतो? 'नेतृत्वगुण आहेत.' उद्या एखाद्याने शाळा पेटवली तरी 'प्रयोगशील' लिहून मोकळे होतील.

हे सगळं वाईट हेतूने झालं, असं नाही. २०१० च्या सुमाराला राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. नुसत्या गुणांनी मूल कळत नाही, त्याचं शब्दांत वर्णन करा, असं सांगण्यात आलं. विचार सोन्यासारखा. मग बाजारात 'वर्णनात्मक नोंदी'च्या तयार पुस्तिका आल्या. पाठोपाठ पीडीएफ आल्या. नोंद क्रमांक ४७ उचला, कोणत्याही मुलाला लावा.

मुलाकडे न बघताही त्याचं वर्णन करता येतं, हे तेव्हा सिद्ध झालं.

बाईंना तरी किती बोल लावायचा? एवढी मुलं, तेवढे विषय, प्रत्येकाची वेगळी नोंद, वर्षातून दोनदा. आता २०२० च्या धोरणानुसार समग्र प्रगती पत्रक येतंय. त्यात मुलाने स्वतःबद्दल लिहायचं, मित्रांनी लिहायचं, पालकांनीही लिहायचं. पालकांच्या नोंदींची पीडीएफ कोणीतरी करायला घेतलीच असेल.

'नापास' या शब्दाचंही असंच झालं. २०१० मध्ये कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरलं. शब्द गेला. न येणारं गणित कुठे जाणार? ते मुलाबरोबर गुपचूप वर सरकत राहिलं. नववीत पालकांची आणि त्याची पहिली भेट झाली. बाईंना मात्र ते तिसरीपासून माहीत होतं. बोलल्या का नाहीत?

बोलल्या की. वाव आहे म्हणाल्या होत्या.

आता इंग्रजी माध्यमाकडे वळू. तिथे अवघड बोलणं आणखी अवघड करून मिळतं. वेगळी फी न घेता.

आई सिन्नरची. मिस सांगलीची. दोघींची मायबोली एक. पण शाळेत इंग्रजीतच बोलायचं, असा दंडक. आईने तीन वाक्यं रात्रीच आरशासमोर पाठ केलेली. मिस म्हणतात, "युवर सन इज व्हेरी टॉकेटिव्ह." आई हरखते. एवढं पोपटासारखं बोलण्यासाठीच तर फी भरली! "येस मिस, ॲट होम ऑल्सो!" मिस हताश होऊन पुढचं पान उलटतात.

अर्ध्या तासाने दोघी भाजीवाल्याकडे भेटतात. मेथीची जुडी निवडता निवडता मिस म्हणतात, "अहो, तुमचा बाळ्या शेजारच्या पोराला चावतो हो!"

पालकसभा झाली ती तिथे. शाळेत झाला तो तोंडी परीक्षेचा सराव.

आईला इंग्रजी अजिबातच येत नसेल तर? मग पोरगंच दुभाषी. मिस दोन मिनिटं इंग्रजीत तक्रार करतात. "काय म्हणतायत रे?" "म्हणतायत, छान आहे." आरोपीनेच निकालपत्राचा अनुवाद करायचा, ही सोय आपल्याकडे फक्त शाळांत आहे.

शिवाय दोन्ही बाजूंना नावं नाहीत. आईचा नंबर मिसच्या फोनमध्ये 'आर्यनची मम्मी' म्हणून आणि मिसचा नंबर आईच्या फोनमध्ये 'मॅथ्स मिस' म्हणून. एकमेकींचं नावही माहीत नसलेल्या दोन बायकांनी एका मुलाचं भवितव्य ठरवायचं. तेही तीन मिनिटांत.

आणि बाप? बाप वर्षातून दोनदा येतो. फी वाढली की आणि पोरगं मार खाऊन आलं की.

तेच पोरगं मार देऊन आलं, तर आई येते.

काही बाप तिसऱ्यांदाही येतात. ते दिलदार असतात. "द्या दोन ठेवून, सर. माझी परवानगी आहे. आम्हीपण मार खाऊनच शिकलो." काय शिकलात, हे विचारायचं नसतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली आहे. बापाच्या परवानगीचा त्यात रकाना नाही. पण परवानगी देणारा हाच बाप, सर नुसते ओरडले तरी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या टेबलावर मूठ आपटतो. दोन फटक्यांची परवानगी होती, अपमानाची नव्हती!

त्याला खरं काय म्हणायचं असतं? "माझं ऐकत नाही हो तो." हे एक वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. म्हणून मग आडवळणाने : "मोबाइल तुम्हीच बंद करायला सांगा." "तुमचं नाव घेतलं की दूध पितो." "तुम्ही म्हणालात तरच आठ वाजता झोपेल." दूध शिक्षकांनी पाजायचं, झोपवायचं शिक्षकांनी. शिकवायला मग क्लास लावलेला आहेच.

त्यावर सर तरी काय म्हणतात? "क्लास लावा." ज्याने शिकवायचं तोच सांगतो, दुसऱ्याला पैसे देऊन शिकवून घ्या. कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. सुचवायला मनाई नाही.

आणि सर्वात हुकमी वाक्य : "घरी जरा अभ्यास घेत जा." कुणाला? सातवीत शाळा सुटलेल्या, दिवसभर चार घरची धुणीभांडी करून आलेल्या आईला. ती मान डोलावते. मूल शाळेत पास झालं की नाही ते पुढे कळेलच. आई त्या क्षणी नापास होते.

एक प्रसंग मात्र घाईने उरकता येत नाही.

तिसरीतलं पोरगं. अक्षरं उलटी काढतं, ओळ गाळतं, तोंडी सगळं सांगतं आणि लिहायला बसलं की घामाघूम. बाईंच्या लक्षात आलंय. सांगायचं कसं, याचा त्या तीन महिने विचार करतायत. शेवटी धीर करतात. "एकदा दाखवून घेता का?"

"कुणाला?"

"तज्ज्ञांना."

"म्हणजे?" बाप उसळतो. "माझं पोरगं वेडं आहे का?"

संपलं. दुसऱ्या दिवशी बाईंना मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावणं येतं. पालकांशी कसं बोलावं, हे त्यांना समजावलं जातं. त्यानंतर त्या तसंच बोलतात. वाव आहे म्हणतात.

अशाच पोरावरचा 'तारे जमीन पर' २००७ साली आला. अख्खं थिएटर रडलं. हा बापही रुमाल पिळून बाहेर पडला होता. पडद्यावरच्या त्या बापाचा त्याला भयंकर राग आला होता.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट उल्लेख आहे. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ही बातमी पालकांना कधी लागते? नववीत. मग धावपळ. मुंबईत असाल तर शीवचं रुग्णालय, तारखा, चाचण्या, ओळखी. "साहेब, सर्टिफिकेट तेवढं बघा." तिसरीत जो शब्द शिवीसारखा लागला, तोच नववीत वशिल्यासारखा हवाहवासा होतो.

मधली सहा वर्षं पोरगं 'आळशी' होतं.

यावर उपाय म्हणून शिक्षकांच्या संवादकौशल्याच्या कार्यशाळा होतात. पडद्यावर सँडविच दाखवतात. आधी कौतुक, मध्ये तक्रार, शेवटी पुन्हा कौतुक. आपण त्याला वडापाव म्हणू. होतं काय, पालक दोन्ही पाव घेऊन आनंदाने घरी जातात. वडा बाईंच्या हातात राहतो.

पालकांसाठी अशी कार्यशाळा कुणी घेत नाही. पालक जन्मतःच बोलायला शिकलेले असतात.

व्हॉट्सॲपवर बघा ना! आमच्या वर्गाचे दोन ग्रुप आहेत. एक शाळेचा. तिथे फक्त ॲडमिन बोलतो, बाकीच्यांनी अंगठा दाखवायचा. दुसरा आमचा, '६ वी ब पालक'. तिथे बाई नाहीत. त्यामुळे शौर्याला तोटा नाही. बसचा ड्रायव्हर, गॅदरिंगच्या ड्रेसचे पैसे, शिकवण्याची पद्धत, बाईंचा स्वभाव, बाईंची साडीसुद्धा. रात्री साडेअकराला कुणीतरी लिहितं, "याविषयी कोणीतरी बोललं पाहिजे." लगेच बावीस जण म्हणतात, "हो, कोणीतरी बोलायलाच हवं."

पालकसभेला सगळे येतात. तो 'कोणीतरी' तेवढा येत नाही.

का येत नाही? "उगाच आपण बोलायचं आणि राग पोरीवर निघायचा." हे वाक्य ऐकलं नाही असा एक पालक दाखवा. खरंच राग निघतो का? बहुतेक वेळा नाही. पण दिवसाचे सहा तास आपलं मूल ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यावर हा प्रयोग कोण करणार?

पलीकडेही भीतीच आहे. खासगी शाळेतल्या बाईंना संस्थाचालकांची भीती. एका पालकाचा मेल वर गेला तर जूनमध्ये बोलावणं येईलच, याची खात्री नाही. शिक्षणसेवक म्हणून लागलेल्या प्राथमिक शिक्षकाला २०२२ अखेरपर्यंत महिना ६,००० रुपये मिळत. २०२३ पासून ते १६,००० झाले. गुरूला आपण देव मानतो. देवाला कुठे पगार असतो?

तर दोन घाबरलेली माणसं, मध्ये एक बाक, आणि आपण म्हणतो 'मोकळेपणाने बोला'.

बोलायची व्यवस्था नाही, असं नाही हां. व्यवस्थेच्या बाबतीत आपण कधी कमी पडलो आहोत? सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. महिलांच्या सह्याही असतात. काही ठिकाणी त्या घरपोच घेतल्या जातात. इतिवृत्त बहुधा सभेच्या आधीच लिहून तयार असतं : 'सर्वानुमते ठराव मंजूर झाला. चहापानानंतर अध्यक्षांच्या परवानगीने सभा संपली.' यातलं चहापान खरं असतं.

राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ आणला. त्याची कार्यकारी समिती सोडत काढून निवडायची. म्हणजे म्हाडाचं घर आणि शाळेला प्रश्न विचारायचा अधिकार, दोन्ही चिठ्ठीवर. फरक एवढाच, की घर लागलं की लोक पेढे वाटतात. इथे नाव निघालेला पालक पहिल्याच सभेत विचारतो, "यातून बाहेर कसं पडायचं?"

मुलींच्या सुरक्षिततेसाठी २०२२ मध्ये सखी सावित्री समित्या आल्या. आमच्या शाळेतही फलक आहे. गुलाबी रंग, वर सावित्रीबाईंचं चित्र. खालचे फोन नंबर पावसाने गेलेत. सावित्रीबाईंना जे झेलावं लागलं, त्या मानाने पाऊस म्हणजे काहीच नाही म्हणा.

पण खरी पालकसभा बघायची असेल, तर शहर सोडा. दसऱ्यानंतर बीडकडच्या एखाद्या वस्तीवर जा. रात्री आठनंतर. त्याआधी पालक घरी नसतातच.

ऊसतोडीला टोळ्या निघायच्या आहेत. मुकादमाची उचल घेऊन झालीय, घरात खर्चूनही झालीय. नवरा-बायको मिळून एक कोयता. मोटारसायकल बाहेर लावून गुरुजी दारात बसलेत. म्हणतायत, पोरीला मागे ठेवा. गावात हंगामी वसतिगृह होतंय, दोन वेळचं जेवण मिळेल, तिचं वर्ष वाया जाणार नाही.

बाप काही बोलत नाही. आई विचारते, "आन् बारक्याला फडात कोन सांभाळंल?"

पोरगी दहा वर्षांची आहे. बारका तिच्याच कडेवर आहे.

या प्रश्नाला कुठल्या कार्यशाळेत उत्तर शिकवतात? गुरुजी गप्प बसतात. कोरा चहा येतो. मग पुन्हा सुरुवात. आजी राहील का? मामाकडे ठेवता येईल का? बारक्याचं काय करता येईल? सभा तासभर चालते. कुणी घसा खाकरत नाही. कधी पोरगी मागे राहते, कधी पहाटे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जाते. जाते तेव्हा शाळेच्या पटावर तिचं नाव असतं. एप्रिलमध्ये ती परत येईल, या हिशेबाने गुरुजी ते तसंच ठेवतात.

त्याहून अवघड बोलणं असतं नववीतल्या पोरीचं. आठ दिवस शाळेत नाही. मैत्रिणी कुजबुजतात. गुरुजींना तारीख कळते, मांडव कुठे पडणार तेही कळतं. २००६ चा कायदा आहे, १८ च्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, गावात ग्रामसेवकच प्रतिबंध अधिकारी आहे, १०९८ हा नंबर आहे. सगळं खरं. गुरुजी आधी बापाला भेटतात, समजावतात. बाप म्हणतो, "पोर तुमची असती तर?" मग फोन करावा लागतो. लग्न थांबतं, निदान त्या दिवशी तरी. फोन कुणी केला हे संध्याकाळपर्यंत गावाला कळतं. आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्याच गावात गुरुजींना शाळेचं कुलूप उघडायचं असतं.

तिथे 'वाव आहे' लिहून भागत नाही.

रात्री नऊच्या या कोऱ्या चहाची नोंद कुठे करायची? पोर्टलवर तसा रकाना नाही. खिचडीचा आहे. किती मुलांनी खाल्ली, ते रोज भरायचं.

गुरुजींचे पोवाडे गातोय असं समजू नका. सगळेच गुरुजी रात्री वस्तीवर जात नाहीत. काही दिवसासुद्धा शाळेत जात नाहीत. अशा गावात एखादा म्हातारा पालक कधीतरी टोपी हातात घेऊन शाळेच्या पायरीवर येतो, बराच वेळ घुटमळतो आणि म्हणतो, "गुर्जी, जरा रोज येत जावा की."

या एका वाक्याला किती वर्षं लागली असतील, कोण जाणे. शहरातले आम्ही पदवीधर, आम्हाला अजून कडी म्हणता आलेलं नाही.

हो, कडीचं राहिलंच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं हवीत, असं लिहिलं आहे. आमच्या शाळेत स्वतंत्र आहेत. तपासणीत बरोबरची खूण मिळाली असणार. कडीविषयी परिशिष्टात काही नाही.

घरी आलो. लेक दारातच. "सांगितलंस?"

"अगं, केवढी रांग होती!"

ती काही बोलली नाही. प्रगतिपुस्तक उघडून तिने पुढची नोंद वाचली. 'मितभाषी.'

लेकीची आई ऑफिसातून आल्यावर माझी जी पालकसभा झाली, तिचं इतिवृत्त इथे देत नाही. बायकोचं म्हणणं, फोन कर. फोन केला तर बाई म्हणणार, सभेत का नाही बोललात? लेखी द्यावं, तर नाव घालावं लागतं. नाव घातलं की पोरगी आलीच. शाळेच्या ग्रुपवर टाकावं, तर तिथे फक्त ॲडमिन.

मग रात्री साडेअकराला आमच्या ग्रुपवर लिहिलं, "मुलींच्या टॉयलेटला कडी नाही. याविषयी कोणीतरी बोललं पाहिजे."

पाच मिनिटांत ३१ अंगठे आले. दोघींनी लिहिलं, आमच्या मुलीपण पाणी पीत नाहीत. एकाने हात जोडले. एकाने कुठल्यातरी दुसऱ्याच विषयावरचा व्हिडिओ टाकला.

सोमवारी बाटली भरलेलीच परत आली.